सतरा नंबरची भिंत

बोरकुटे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात, भिंतीला डावा तळहात टेकवून, डोळे मिटून उभे होते. मला वाटलं, चक्कर आली. नोकरीचा माझा दुसरा दिवस. धावत जाऊन माठातलं पाणी आणलं. त्यांनी डोळे उघडले, शांतपणे सगळा ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, "पाणी थंड होतं बाई. पण तहान मले नव्हती. ही भिंत ओली आहे. वरच्या मोरीचा पाइप फुटला असन." दोन दिवसांनी मोरी उकरली, तर पाइप फुटलेला निघाला. मला मात्र त्यानंतर वर्षभर सगळे 'भिंतीला पाणी पाजणाऱ्या बाई' म्हणत होते.

कचेरी नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या बाजूला होती आणि तिचं काम जुन्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीचं. मी तिथे ट्रेसर होते, म्हणजे इंजिनिअरांनी काढलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घ्यायचे. महालातल्या आमच्या घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी, त्यामुळे नाकावर माशी बसू देत नसे. बोरकुटे साहेब ओव्हरसियर. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा आणि शर्टाच्या खिशात उन्हावर उतारा म्हणून ठेवलेला एक कांदा. त्यांना 'साहेब' आम्ही खालची माणसंच म्हणायचो. वरचे लोक तोंडावर 'बोरकुटे' आणि पाठीमागे 'भातुकलीवाले' म्हणायचे.

भातुकली म्हणजे त्यांचे नमुने. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक इमारतीचा ते पुठ्ठ्याचा नमुना करायचे. संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांचा तळ, इतवारीतल्या दुकानांतून मागून आणलेल्या साड्यांच्या खोक्यांच्या भिंती, चिंचोक्याची खळ. छप्पर झाकणासारखं उचलता यायचं. प्रत्येक भिंतीवर नंबर. नळाच्या पाइपाच्या जागी खराट्याची काडी, विजेच्या तारेच्या जागी लाल सुतळी. झाडं, कुंपण, विहीर, सगळं असायचं. माणसं तेवढी नसायची. मी एकदा विचारलं, एखादा पट्टेवाला तरी दारात उभा करा ना साहेब. म्हणाले, "माणूस ठेवला की लोक माणसाकडे पाहतात. मंग भिंत कोण पाहीन?"

दर सोमवारी सकाळी या नमुन्याभोवती त्यांची 'पंगत' बसायची. नाव त्यांनीच दिलेलं. गवंडी, सुतार, नळवाला, वीजवाला, सगळे मिस्त्री टेबलाभोवती उभे. आधी ही माणसं एकमेकांचं तोंड पाहत नसत. सुताराने बसवलेली चौकट नळवाला फोडायचा आणि नळवाल्याने बुजवलेला खड्डा वीजवाला उकरायचा. साहेब छप्पर उचलायचे आणि म्हणायचे, "वाढा." मग नळवाला आपली काडी लावायचा, वीजवाला आपली सुतळी ओढायचा, आणि जिथे काडी सुतळीला अडली तिथे भांडण व्हायचं. "इथंच भांडून घ्या गा पोटभर," साहेब म्हणायचे. "पुठ्ठ्यावर भांडलं तर विटेवर भांडा लागत नाही." एका जुन्या बंगल्यात मोरीचा पाइप थेट विजेच्या बोर्डाच्या डोक्यावरून जाणार होता. दोन्ही नकाशे मीच उतरवले होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. खराट्याच्या काडीला दिसलं.

पण नमुना हा साहेबांचा अर्धाच धर्म. उरलेला अर्धा होता टाचणीचा. लाल डोक्याच्या टाचण्यांची एक डबी त्यांच्या खणात असायची. ज्या भिंतीला काम लागायचं, ती आधी स्वतः जाऊन पाहायची, तिला तळहात लावायचा, किल्लीने ठोकायचं, कान टेकवायचा, आणि परत येऊन नमुन्यातल्या त्या भिंतीत टाचणी खोचायची. टाचणी नाही तोवर घण नाही. शनिवारी सगळ्या टाचण्या निघायच्या आणि सोमवारपासून पुन्हा सायकलवर फेऱ्या सुरू व्हायच्या. कामठी असो, कन्हान असो, मे महिना असो. मी एकदा म्हटलं, "मागच्याच आठवड्यात तर पाहिली ना साहेब ती भिंत?" तर म्हणाले, "नमुना म्हंजे फोटो आहे बाई. फोटोच्या कपाळाले हात लावून ताप समजत नाही. जाऊनच पाहा लागते."

त्यांच्या हाताची एक गोष्ट सगळ्या कचेरीला पाठ होती. सिव्हिल लाइन्समधल्या एका साहेबी थाटाच्या बंगल्यात, थंडीत, जुनी शेकोटीची भिंत पाडायची होती. मजूर घण घेऊन तयार. साहेबांनी हात लावला आणि तिथेच थांबले. "थंडीत ही भिंत गरम काहून?" शेकोटी तर कित्येक वर्षांत पेटली नव्हती. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि शिडी लावून वर धुराड्यात डोकावले. आत मधमाश्यांचं एवढं थोरलं पोळं. घण बसला असता तर मजुरांची धडगत नव्हती. पोळं काढणाऱ्याने त्यांना मधाची बाटली दिली, ती त्यांनी पंगतीत आणून सगळ्या मिस्त्र्यांच्या तळहातावर थेंब थेंब वाढली. मलाही. मी सोवळ्यातल्या घरातली, कचेरीत काही खात नसे. तो मध मात्र चाटला.

आता ती भिंत.

बांगलादेशाची लढाई होऊन गेली होती, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यातली गोष्ट. शहराच्या एका बाजूला बाळंतिणींचा जुना दवाखाना होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे अजून लेकी-सुना जातात. त्याच्या दोन लांबट खोल्यांमधल्या भिंतीत दार पाडायचं होतं. नमुन्यात त्या भिंतीचा नंबर सतरा. वॉर्ड रिकामा केला होता. गवंडीकाम गणपत मिस्त्रीकडे, साहेबांचा पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार. त्याच्या हाताखाली पाच-सहा रेजा होत्या, म्हणजे घमेली वाहणाऱ्या मजूर बायका. त्यांतली सुभद्रा मला आठवते, कारण नकाशा घेऊन मी एकदा तिथे गेले तेव्हा साहेब एका भिंतीला हात लावून उभे होते आणि ही हिरव्या लुगड्यातली बाई डोक्यावर घमेलं घेऊन जाता जाता म्हणाली, "साहेब, भितीची नाडी पाहून राहिले का? मंग औषध लिवून द्या ना तिले!" सगळ्या हसल्या. साहेबांनी डोळे न उघडता सांगितलं, "तिले औषध नाही लागत. तू थोडी गप राहिली की बरी होते ते."

बुधवारी मुंबईहून एक मोठे अधिकारी येणार होते. साहेबांच्या नमुन्यांची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती, आणि आमच्या वरिष्ठांनी दवाखान्याचा नमुना दाखवायचं ठरवलं. ज्यांनी जन्मभर 'भातुकलीवाले' म्हटलं, तेच सोमवारी येऊन म्हणाले, "बोरकुटे, जरा झकास करा." साहेबांचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं काम बघायला एवढ्या लांबून येत होतं. खोटं कशाला सांगू, मलाच त्यांच्यापेक्षा जास्त हुरूप आला होता.

मंगळवारचा पूर्ण दिवस आम्ही नमुन्यावर होतो. खिडक्यांवर वाळ्याच्या ताट्या लावलेल्या, चपराशी त्यांवर पाणी मारतोय, आणि आम्ही दोघं टेबलावर वाकलेलो. साहेबांनी छपराला नवा कागद लावला. मी हिरव्या लोकरीची झाडं केली, आवारातला कडुलिंबसुद्धा. दुपारी एकदा ते दुपट्टा बांधून उठले, सायकलची किल्ली हातात घेतली, मग छपराचा एक कोपरा उचललेला दिसला आणि पुन्हा बसले. पाच वाजता दवाखान्यातून गणपतचा फोन आला. टेकू लावून झाले, भीत ठीक दिसून राहिली, उद्या सकाळी हात घालू का? आणि मग नेहमीचा प्रश्न: टाचणी लागली का साहेब?

साहेब रिसीव्हर धरून नमुन्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लागली." फोन ठेवला, डबी उघडली, आणि सतरा नंबरच्या भिंतीत टाचणी खोचली.

बुधवारी मोठे अधिकारी आले. वाकून, चष्मा वर करून, स्वतःच्या हाताने त्यांनी छप्पर उचललं आणि म्हणाले, "व्वा! इमारत जणू हातात आली." तेवढ्यात शेजारच्या खोलीत फोन वाजला.

भिंतीच्या आत, प्लास्टरच्या खाली, एक जुनी खिडकी होती. कधीकाळी कुणीतरी नुसत्या विटा रचून बुजवलेली. ती कुठल्याच नकाशात नव्हती, म्हणून नमुन्यातही नव्हती. अकरा वाजता दार पाडायला घण बसला आणि खिडकीच्या जागची भिंत टेकूंसकट खाली आली. बाकीचे पळाले. सुभद्रा विटा-मातीचा मलमा उचलायला वाकलेली होती.

किल्लीने एकदा ठोकलं असतं तर ती भिंत पोकळ वाजली असती. हे साहेबांना माहीत होतं, गणपतला माहीत होतं, आणि मला माहीत होतं.

पंधरा दिवसांनी चौकशी झाली. चौकशीला आलेले गृहस्थ सज्जन होते. आमच्या कचेरीत ते अर्धा दिवस बसले, आणि त्यांना ज्याने त्याने एकच गोष्ट सांगितली: बोरकुटे भिंत पाहिल्याशिवाय टाचणी लावत नाहीत. टाचणी तर समोर नमुन्यात होती. साहेब स्वतः उभे राहून म्हणाले, "मी गेलो नव्हतो. इथं बसून लावली." वरिष्ठ घाईघाईने म्हणाले, "त्यांच्या मनावर परिणाम झालाय, झोप नाही त्यांना." गणपतला विचारलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, "साहेब येऊन गेले होते दुपारी." मग मला विचारलं. बाई, तुमचं टेबल शेजारीच, ते साइटवर गेले होते का?

मी म्हटलं, "हो. दुपारी गेले होते. आल्यावर टाचणी लावली."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी ते केव्हाच विसरले असते. वर येण्यासाठी धरलेला दोर वरच्या माणसानेच सोडून द्यावा, तसं पाहिलं. कागदावर लिहिलं गेलं: जुनी इमारत, आतला दोष, अपघात, कोणाचाही हलगर्जीपणा नाही.

नंतर ते सुभद्राच्या नवऱ्याकडे गेले होते. गणपतने मला सांगितलं. त्यांनी त्याला सगळं खरं सांगितलं, तर तो त्यांच्या पायाच पडला. "साहेब, तुमी देवमानूस. तिचं नशीबच तेवढं होतं." त्याला वाटलं, हा मोठा माणूस आपलं दुःख हलकं करायला दोष अंगावर घेतोय. जिथे जातील तिथे हेच झालं. माणसाने गुन्हा करावा आणि सगळ्या गावाने त्याला प्रेमाने निर्दोष ठरवावं, याच्यासारखी शिक्षा मी दुसरी पाहिली नाही.

त्यानंतर त्यांनी नमुना केला नाही. सोमवारची पंगत मोडली. ते कामावर यायचे, फेऱ्या करायचे, पण बोलता बोलता मधेच उठून कचेरीच्या भिंतीला हात लावून उभे राहायचे. लोक सवयीने हसायचे. मी हसू शकत नव्हते, कारण आता ते डोळे मिटत नव्हते. उघड्या डोळ्यांनी, कान देऊन, कोणीतरी आतून हाक मारील म्हणून उभं राहावं तसे उभे असायचे.

दवाखान्याचा नमुना मात्र त्यांनी गोदामात जाऊ दिला नाही. तो त्यांच्या टेबलावरच राहिला. एकदा धूळ झटकायला मी छप्पर उचललं. आत, सतरा नंबरच्या भिंतीपाशी, हिरव्या कागदाची एक बाई उभी होती. नखाएवढी. डोक्यावर काळ्या कागदाचं घमेलं. माझ्या हातून छप्पर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ती बाई भिंतीपाशी नव्हती. ओसरीत होती. तिसऱ्या दिवशी आवारातल्या कडुलिंबाखाली, मी लोकरीचा केला होता त्या. घमेलं बाजूला काढून ठेवलेलं. मला राहवलं नाही, विचारलं, "साहेब, ही इथे?"

"जेवाची सुट्टी झाली तिची," ते म्हणाले. "दहा वाजले की मी तिले बाहेर काढून घेतो. अकराले तिथं नाही राहिली पायजे."

रोज संध्याकाळी ती पुन्हा भिंतीपाशी असायची आणि रोज सकाळी ते तिला बाहेर काढायचे. निवृत्तीच्या दिवशी चहा-चिवडा झाला, हार घातला, आणि ते नमुना सायकलच्या मागे बांधून बेसाला निघून गेले. बेसा तेव्हा शहराबाहेरचं खेडंच होतं. तिथे त्यांची थोडी शेती होती. जाताना मला एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही काहून खोटं बोलल्या?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी." ते म्हणाले, "माह्यासाठी नव्हतं ते." आणि पायडलवर पाय ठेवला.

मला त्यांचा तेव्हा राग आला. उपकार करावे आणि वर हे ऐकावं, असं वाटलं. खूप वर्षं मी तो राग जपून ठेवला, कारण त्याच्या खाली काय आहे ते मला बघायचं नव्हतं.

माझं लग्न उशिरा झालं, मूल त्याहून उशिरा. पोट चिरून बाळंतपण करावं लागलं आणि दिवस मेचे. दवाखाना तोच. मला तिसऱ्या दिवशी कळलं की माझी खाट ज्या भिंतीला लागून आहे, तिच्यात मधोमध एक रुंद दार आहे आणि त्या दाराच्या चौकटीचं माप माझ्याच हातचं आहे.

पाचवा दिवस मंगळवार होता. दुपारी भेटीच्या वेळेला आयाबाई म्हणाली, "बाई, पोरीले जरा इकडे घ्या. भीतवाले बाबा येतीन आता."

"कोण?"

"दर मंगळवारी येतात. बेसाहून, सायकलवर. भितीले हात लावतात, ठोकून पाहतात आन् जातात. त्याईची कोनी इथं गेली म्हणतात, बायको का लेक, काय माहीत. डाक्टरीनबाई म्हणे, येऊ द्या, काही त्रास नाही."

ते आले. खूप वाळले होते. डोक्याला तोच दुपट्टा, खिशात कांद्याचा फुगवटा. त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा पाहिलंच नाही. माझ्या उशीच्या वर हात लांबवून त्यांनी भिंतीला तळहात टेकवला. मग खिशातून किल्ली काढून तीनदा ठोकलं. भिंत भरीव वाजली. नवी भिंत, वाजणारच. ते पुढच्या खाटेकडे वळले.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी वर लिहिली नाही. त्या मंगळवारी गणपतचा फोन यायच्या आधी, झाडं लावून झाल्यावर, मी नमुन्याकडे कौतुकाने बघत होते. काम लागलेल्या सगळ्या भिंतींत सोमवारच्या फेरीच्या लाल टाचण्या, एक सोडून. मी म्हटलं होतं, "साहेब, एकच टाचणी कमी दिसतेय हो. तेवढी लावली की कसं भरल्यासारखं वाटेल." हसत म्हटलं होतं. त्यांनी सायकलच्या किल्लीकडे पाहिलं होतं आणि मग माझ्याकडे. मी चौकशीत खोटं बोलले ते त्यांच्यासाठी नव्हतंच.

"साहेब," मी म्हटलं.

ते थांबले.

"मी कचेरीतली ट्रेसर. भिंतीला पाणी पाजणारी." टाके ताणले जात होते. "त्या मंगळवारी तुम्ही इथे आला नव्हता. दिवसभर माझ्यासमोर टेबलावर होता. टाचणी तुम्ही बसल्या जागी लावली. आणि ती लावा असं मीच म्हटलं होतं."

त्यांनी पुढच्या भिंतीकडे नेलेला हात तसाच हवेत राहिला. मग ते माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

"मी आलो नव्हतो," ते म्हणाले.

"नाही आला."

"लय वर्षं झाली वं पोरी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. "मलेच वाटा लागलं होतं, का गेलो होतो मी. सगळेच म्हणत. कधी कधी रस्ता बी आठवे मले. ऊन आठवे. म्हटलं, आता मी बी विसरलो तर तिच्याकडून कोण राहीन?"

शेजारच्या बायका माना वळवून बघत होत्या. मग साहेबांनी माझ्या कुशीतल्या मुलीकडे पाहिलं. तो तळहात, भिंतींवर घासून घासून लाकडासारखा झालेला, तिच्या कपाळावर अलगद ठेवला. "ताप नाही," म्हणाले, आणि उठले. बाकीच्या भिंती त्यांनी पाहिल्या नाहीत. खिडकीतून मला ते आवारात दिसले. खऱ्या कडुलिंबाखाली सायकल होती. तिच्याजवळ ते जरा उभे राहिले, दुपट्टा सोडून पुन्हा नीट बांधला, आणि भर उन्हात फाटकातून बाहेर पडले.

पुढच्या मंगळवारी माझे टाके काढले. भेटीची वेळ झाली. आयाबाई दारापर्यंत जाऊन दोनदा रस्ता बघून आली. भीतवाले बाबा आले नाहीत. ती म्हणाली, "इतक्या सालांत पहिल्यांदा खाडा झाला."

मी मुलीला खाली निजवलं, खाटेचा कठडा धरून उभी राहिले, आणि भिंतीला तळहात लावला. भिंत गरम होती. मे महिना, गरम असणारच. तरी मला हात काढता येईना. अकरा वाजता तिथे कोणी असता कामा नये, एवढंच मला कळत होतं, आणि दुपारचे चार वाजून गेले होते.